एका अश्वशक्तीची खटपट

१८२८ च्या जानेवारीत कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये ॲग्रिकल्चरल अँड हॉर्टिकल्चरल सोसायटीचं प्रदर्शन भरलं होतं. संस्था शेती-बागायतीची, त्यामुळे मान भाजीपाल्याचा आणि बक्षिसं माळ्यांना. अशा ठिकाणी एक लोहार वाफेचं इंजिन घेऊन आला. त्याचं नाव गोलोकचंद्र, गाव बराकपूरजवळचं टिटागढ. इंजिन म्हणजे लहानशी प्रतिकृतीच होती. पण ती बनवताना एकाही युरोपीय कारागिराचा हात लागलेला नाही, हे संस्थेनं मुद्दाम नोंदवून ठेवलं. यंत्रं हा काही संस्थेच्या कामाचा विषय नव्हता. तरीही सभासदांनी ठराव करून गोलोकचंद्राला ५० रुपये दिले.

एवढ्या चार ओळींपलीकडे हा माणूस इतिहासात फारसा सापडत नाही. पण त्या चार ओळीही अडकवून ठेवणाऱ्या आहेत. १८२८ साली बंगालमधल्या एका लोहारानं इंजिनाचा नकाशा कुठून मिळवला आणि त्याचे भाग कशातून उभे केले?

नकाशाचं उत्तर नदीपलीकडे होतं. टिटागढच्या बाजूनं हुगळी ओलांडली की श्रीरामपूर. ते तेव्हा इंग्रजांचं नव्हे, डॅनिश लोकांच्या ताब्यातलं गाव होतं आणि तिथं विल्यम केरी या मिशनऱ्याचा व त्याच्या सहकाऱ्यांचा छापखाना होता. मराठी वाचकाला केरी परका नाही. मराठीचं व्याकरण आणि कोश छापून काढणारा, फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणारा, तोच हा केरी. (टाउन हॉलमध्ये प्रदर्शन भरवणारी संस्थाही १८२० साली त्याच्याच पुढाकारानं निघालेली.) छापखान्याला कागद हवा आणि देशी कागदाला कसर लागते, म्हणून मिशननं स्वतःची कागद गिरणी काढली. ती चालायची माणसांच्या पायांवर: मोठं चाक, आणि त्यावर पाळीपाळीनं चढणारे चाळीस मजूर. त्यातला एक जण या कामात दगावला. मग मिशननं बोल्टनच्या थ्वेट्स अँड रॉथवेल या कारखान्याकडून बारा अश्वशक्तीचं इंजिन मागवलं. २७ मार्च १८२० रोजी ते सुरू झालं.

आसपासच्या लोकांनी त्याला आगीचं यंत्र म्हटलं आणि ते पाहायला झुंबड उडाली. इंजिन सांभाळायला विलायतेहून आणलेला माणूस या बघ्यांच्या प्रश्नांनी हैराण व्हायचा. गंमत अशी की बघ्यांमध्ये गोरेही होते. वाफेवर चालणारं यंत्र जन्मात न पाहिलेले कितीतरी युरोपीय लोक तिथं येऊन त्याचा अभ्यास करत, त्याची नक्कल करायचा बेत आखत. गोलोकचंद्रानं आपलं इंजिन याच इंजिनावरून बेतलं, असं मानलं जातं. म्हणजे त्याच्या हाती असलेला नकाशा बारा अश्वशक्तीचा होता, आणि तो कागदावर नव्हता. समोर धडधडत होता.

इथं एक अडचण येते आणि ती भल्याभल्यांना आलेली आहे. मोठं इंजिन पाहून लहान बनवायचं म्हणजे सगळी मापं सारखीच आखडून घ्यायची, असं वाटतं. तसं होत नाही. लांबी, रुंदी, उंची दहापट कमी केली की सिलिंडरचा पृष्ठभाग शंभरपट कमी होतो, पण आत मावणारी वाफ हजारपट कमी होते. त्या चिमूटभर वाफेच्या वाट्याला थंड धातू मात्र दहापट जास्त येतो. दट्ट्या ढकलण्याआधीच वाफेचं पाणी होऊन जातं.

हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते जेम्स वॉटनं, आणि तेही एका बिघडलेल्या खेळण्यापायी. ग्लासगो विद्यापीठात न्यूकोमेन इंजिनाची एक शिकवण्याची प्रतिकृती होती. लंडनच्या नामांकित कारागिराकडे दुरुस्तीला पाठवूनही ती धड चालेना. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ती वॉटकडे आली. सिलिंडरचा व्यास दोन इंच, दट्ट्याची धाव सहा इंच. बॉयलर दिसायला प्रमाणशीर होता, पण चार-दोन हेलकाव्यांतच वाफ संपायची. मोठी न्यूकोमेन इंजिनं खाणींतून वर्षानुवर्षं पाणी उपसत होती. हे पिल्लू मात्र जागच्या जागी धापा टाकत होतं. वॉटनं मोजमाप घेतलं तेव्हा कळलं की बहुतेक वाफ सिलिंडर पुन्हा पुन्हा तापवण्यातच खर्ची पडते. त्यातून १७६५ मध्ये त्याला वाफ वेगळ्या पात्रात थंड करण्याची युक्ती सुचली, आणि पुढचं सगळं पाठ्यपुस्तकात आहे.

पाठ्यपुस्तकात सहसा नसतं ते पुढच्या दहा वर्षांचं रडगाणं. युक्ती सुचली, १७६९ मध्ये पेटंट मिळालं, पण इंजिन काही बनेना. कारण सिलिंडर गोल मिळेना. ओतून काढलेली नळी आतून कुठे फुगलेली, कुठे दबलेली. दट्ट्याभोवती ताग गुंडाळा, चरबी चोपडा, तरी वाफ निसटायचीच. जॉन स्मीटनसारख्या मुरलेल्या अभियंत्यानं तर असं यंत्र घडवायला लागणारी हत्यारंही नाहीत आणि हातही नाहीत, असा निर्वाळा देऊन टाकला होता. सुटका केली ती तोफांनी. जॉन विल्किन्सन हा लोखंडाचा कारखानदार तोफेची नळी कोरायचं यंत्र बनवत होता. १७७५ मध्ये त्यानं त्याच धर्तीवर सिलिंडर कोरणारं यंत्र उभं केलं. कोरणाऱ्या हत्याराचा दांडा आता दोन्ही टोकांना आधार घेऊन सिलिंडरच्या आरपार जात होता, त्यामुळे भोक सरळ आणि गोल पडायला लागलं. १७७६ मध्ये वॉटची इंजिनं कामाला लागली. कल्पनेनं अकरा वर्षं वाट पाहिली, त्यातली बरीचशी एका गोल भोकाची.

आपल्याकडे धातू ओतण्याची विद्या नव्हती असं कुणी म्हणू नये. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तिच्यासमोर श्रीरामपूरच्या इंजिनाचा सिलिंडर म्हणजे पेला. तांबट, कासार, ओतारी गावोगाव होते आणि मेण वितळवून साचा घडवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण तोफेच्या नळीत आणि गोळ्यात बोटभर फट राहिली तरी तोफ उडते. दट्ट्या आणि सिलिंडरमध्ये केसाएवढी फट राहिली तर इंजिन बसून राहतं. गोलोकचंद्राची खरी झुंज इथं झाली असणार. एरवी नांगराचा फाळ शेकणाऱ्या भात्यावर त्याला ही काटेकोर जोडणी साधायची होती. स्क्रू आणि नट-बोल्टचीही तीच कथा. आट्यांची प्रमाणित मापं विटवर्थ या इंग्लिश अभियंत्यानं सुचवली ती १८४१ मध्ये. त्याआधी इंग्लंडातही प्रत्येक नट आपापल्या बोल्टाशीच एकनिष्ठ असे.

इंग्लंडातल्या हौशी माणसाला पुढे हा सगळा जाच टपालानं चुकवता आला. 'मेकॅनिक्स मॅगझिन' १८२३ पासून निघत होतं, पण त्यातून मिळायचं ते ज्ञान, धातू नव्हे. जॉन फॅरीच्या वाफेच्या इंजिनावरच्या १८२७ च्या जाडजूड ग्रंथातल्या आकृत्या देखण्या होत्या, पण त्या खाणीतल्या आणि गिरणीतल्या अजस्र इंजिनांच्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या दुकानांतून पितळी इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग विकले जाऊ लागले. त्यांतली काही चालताना गालिच्यावर पाण्याची धार सोडत जायची. खरा बदल झाला तो शतक संपताना. जानेवारी १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शलनं लहान यंत्रं बनवणाऱ्यांसाठी मासिक काढलं. पुढे 'मॉडेल इंजिनिअर' या नावानं ते ओळखलं गेलं. त्याच वर्षी लंडनमध्ये अशा लोकांची संस्था निघाली. वर्षभरात नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोकनं टपालानं सुटे भाग विकायला सुरुवात केली. त्याच्या वडिलांचा धंदा बॉयलरचाच होता.

या मंडळींत स्टुअर्ट टर्नरची गोष्ट सगळ्यात चटकदार. टेम्सकाठच्या हेन्लीजवळ शिपलेक कोर्ट नावाच्या हवेलीत वीज बनवणारी वाफेची यंत्रणा होती आणि तिच्यावर देखरेख करायला हा इंजिनिअर. फावल्या वेळात त्यानं एक लहान उभं इंजिन आखलं, त्याचे साचे केले आणि ओतीव भाग विकायला काढले. मागणी एवढी आली की १९०६ मध्ये कंपनी थाटावी लागली. गिऱ्हाइकाला मिळायचं ते एक खोकं आणि एक नकाशा. खोक्यात बिडाचे आणि पितळेचे खडबडीत ओतीव तुकडे, वाळूच्या साच्याचे कण अंगावर घेऊनच आलेले. कानस, लेथ आणि सबुरी ज्याची त्यानं आणायची. स्टुअर्टच्या 'नंबर टेन' या इंजिनात सिलिंडरचा व्यास पाऊण इंच आणि धावही पाऊण इंच. त्या नावाचे संच आजही विकले जातात.

मापं आखडण्याचा जुना तिढा मात्र खोक्यानंही सुटला नाही. लहान रेल्वे-इंजिनात खरा कोळसा जाळून माणसं ओढता येतील का, की स्पिरिटच्या दिव्यावरच समाधान मानायचं, यावर १९२० च्या दशकात इंग्लंडात कडाक्याचं भांडण जुंपलं. एका बाजूला प्रतिष्ठित नमुनेकार हेन्री ग्रीनली, दुसऱ्या बाजूला एलबीएससी या टोपणनावानं लिहिणारा, रेल्वेत नोकरी केलेला एक तिरसट कारागीर. १९२४ च्या प्रदर्शनात त्याचं 'आयेशा' हे अडीच इंची रुळांवरचं इंजिन कोळशावर माणसं ओढत धावलं आणि वाद मिटला. निसर्गाला प्रमाणात आखडता येत नाही, हे त्याचं पालुपद. लहान इंजिनाचा बॉयलर, नळ्या, झडपा लहान इंजिनासाठीच आखाव्या लागतात. वॉटला दोन इंची सिलिंडरनं जे शिकवलं होतं, तेच. चाळीस वर्षं तो मासिकातून नकाशे आणि कृती देत राहिला. शेकडो लोकांनी त्यावरून चालती इंजिनं उभी केली.

मुंबईत १८३३ साली यातलं काहीच नव्हतं. खोकं नव्हतं, लहान इंजिनाचा नकाशा नव्हता, शंका विचारावी असं मासिक नव्हतं. तरीही त्या वर्षी माझगावच्या एका विहिरीवर रहाटाच्या जागी एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन पाणी उपसत होतं आणि त्या पाण्यावर बागेतलं कारंजं उडत होतं. बनवणारा होता पंचविशीतला अर्देशिर खरशेटजी वाडिया.

गोलोकचंद्राच्या मानानं अर्देशिरची बाजू पुष्कळ भक्कम होती, हे कबूल करायला हवं. त्याचा पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आला आणि तेव्हापासून इथल्या गोदीत जहाजं बांधायची ती वाडियांनी, हा शिरस्ताच पडला. अर्देशिरचे वडील खरशेटजी रुस्तमजीही गोदीतच. चौदाव्या वर्षी, १८२२ मध्ये, पोरगाही तिथंच लागला. हाताशी पैसा, ओळखी, गोदीतले लोहार. आणि डोळ्यांसमोर इंजिनं. १४ ऑक्टोबर १८२९ रोजी मुंबई गोदीत 'ह्यू लिंडसे' ही आगबोट पाण्यात उतरली. तिची दोन इंजिनं मॉड्स्ले कंपनीची, प्रत्येकी ऐंशी अश्वशक्तीची. मार्च १८३० मध्ये ती सुएझला निघाली तेव्हा केबिनीसुद्धा कोळशानं भरल्या होत्या, आणि तरी अकरा दिवसांनी एडनला पोचेपर्यंत जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. किल्ल्यातल्या नव्या टांकसाळीतही वाफेवर चालणारी यंत्रं आली होती.

पण वाडियांची विद्या सागवानाची. लवजी मुळात सुतार, आणि घराण्याचं नाव झालं ते लाकडी जहाजांवर. १८१७ मध्ये त्यांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. घराण्यातल्या इतर मुलांनी पुढे विलायतेला जाऊन जहाजबांधणी शिकली. अर्देशिर मात्र लाकूड सोडून लोखंडाच्या नादी लागला. घरच्या आवारात त्यानं लहानशी भट्टी घातली आणि तिथं जहाजांसाठी लोखंडी टाक्या बनू लागल्या. एका अश्वशक्तीचं इंजिन हे या भट्टीच्याच काळातलं काम. त्यामागचे हात होते देशी लोहार-ओताऱ्यांचे, आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

त्याची हुशारी इंजिन बनवण्यात होती तशीच काय बनवायचं नाही हे ओळखण्यातही होती, असं म्हणावंसं वाटतं. एका अश्वशक्तीपर्यंत घरच्या भट्टीवर निभावलं. समुद्रात नेण्याजोगं दहा अश्वशक्तीचं इंजिन त्यानं सरळ इंग्लंडहून मागवलं. त्या मापाचा सिलिंडर कोरायची सोय माझगावात नव्हती आणि भर समुद्रात दट्ट्या अडकला तर विहिरीवर परतता येत नाही. १८३३ मध्येच त्याची साठ टनांची 'इंडस' पाण्यात उतरली आणि तिला वाफेचं इंजिन जोडलं गेलं. पुढच्या वर्षी त्यानं माझगावचा बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. तो सोहळा पाहायला गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः आला होता.

सुटे भाग मिळेनात, तर ते जिथं बनतात तिथंच जावं. १८३९ च्या सप्टेंबरात अर्देशिर 'बेरेनिस' या आगबोटीनं निघाला आणि इजिप्तमार्गे डिसेंबरात लंडनला पोचला. तिथं लाइमहाउसच्या सीवर्ड कंपनीत आगबोटींची इंजिनं घडताना त्यानं जवळून पाहिली, देशभरचे कारखाने धुंडाळले आणि प्रवासाची दैनंदिनीही छापली. २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीनं त्याला फेलो निवडलं तेव्हा तो मुंबईला परतलेला होता. तो पहिला भारतीय फेलो. त्याच्यानंतर दुसऱ्या भारतीयाला, श्रीनिवास रामानुजनला, हा मान मिळायला १९१८ उजाडलं. अर्देशिरच्या शिफारसपत्रात साठ टनांच्या जहाजाला इंजिन जोडल्याचा उल्लेख आहे आणि गॅसची यंत्रणा केवळ देशी कामगारांच्या मदतीनं उभारली, हेही आहे.

१ एप्रिल १८४१ पासून तो मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचा मुख्य अभियंता झाला. हाताखाली युरोपीय फोरमन, इंजिनिअर, बॉयलरवाले. गोऱ्यांवर एतद्देशीय वरिष्ठ, हे 'बॉम्बे टाइम्स'ला पचलं नाही आणि त्यानं तसं छापलंही. अर्देशिर सोळा वर्षं त्या खुर्चीवर होता. १८४९ मध्ये तो अमेरिकेलाही जाऊन आला. शिवणयंत्र, छायाचित्रण आणि वीजमुलाम्याचं तंत्र मुंबईत आणण्याचं श्रेय त्याच्याकडे जातं.

घरच्या भट्टीचं पुढे काय झालं? ती विझली नाही, वाढली. १८५१ मध्ये त्यानं 'लवजी फॅमिली' नावाची आगबोट पाण्यात सोडली. तिचे भाग इंग्लंडहून आले नव्हते. ते सगळे त्याच्या स्वतःच्या फाउंड्रीत तयार झाले होते.